संशोधनाची अनुदानं ठरवणाऱ्या समित्यांना, मनूच्या बाबांचं खुलं पत्र

माननीय सदस्यहो,

आपल्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. आरोग्य संशोधनाचे प्रस्ताव ज्या समित्यांसमोर जातात त्यांवर आपण बसता, एवढंच ठाऊक आहे. पैसा आयसीएमआरचा असो, जैवतंत्रज्ञान विभागाचा असो, की २०२३ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा. कागद शेवटी आपल्यासारख्या जाणत्या माणसांच्या टेबलावर येतो आणि तिथंच त्याचं काय ते ठरतं. म्हणून हे पत्र कुठल्या एका कार्यालयाला नाही. आणि ते उघड लिहितोय, कारण बंद पाकिटातली दोन पत्रं मी आधी पाठवून पाहिली आहेत.

झालं असं. आमच्या मुलीला बघणाऱ्या डॉक्टर बाईंनी एक प्रस्ताव पाठवला होता. रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार, बहुतेक करून मुलींना होणारा; आमच्या मनूला तोच आहे. राज्यातल्या अशा मुली शोधायच्या, दर सहा महिन्यांनी त्यांना तपासायचं आणि आजार वयानुसार कसा बदलत जातो याची पाच वर्षं नीट नोंद ठेवायची. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. आमचं नाव त्या यादीत असणार होतं. प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळला. रुग्णसंख्या फार थोडी आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं प्राधान्याचा विषय नाही, असा एकूण शेरा. बाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही झालं हो." नंतर बराच वेळ दोघंही गप्प होतो.

मी कराडला एका पतसंस्थेत लेखापाल आहे. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. जमाखर्च कळतो, आणि हे पत्र बरंचसं जमाखर्चाच्या अंगानंच लिहिलंय.

मनू अकरा वर्षांची आहे. चौदाव्या महिन्यात ती "आई", "काऊ" आणि "पापा" असे तीन शब्द बोलायची. बिस्किट स्वतःच्या हातानं खायची. दीड वर्षाच्या आसपास शब्द एकेक करून गेले, मग हात गेले. गेले म्हणजे लुळे पडले नाहीत. ते एकमेकांत गुंतले. दोन्ही हात छातीसमोर आणून ती दिवसभर चोळत राहायची. आमची आई सुरुवातीला कौतुकानं म्हणायची, "पोर गव्हले वळतेय बघा." लग्नघरात बायका बसून वळतात ना, तसंच दिसायचं ते. पुढं आईनं तो शब्द टाकला. घरात कार्य निघालं की आता गव्हले विकत आणतो.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलं उशिरा बोलतात. दुसऱ्यांनी स्वमग्नता म्हटलं. तिसऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी. चौथ्या ठिकाणी नुसतंच टॉनिक मिळालं. साडेपाच वर्षांची असताना मुंबईत जनुकीय चाचणी झाली. रक्त दिल्यावर आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं परतलो आणि सहा आठवड्यांनी अहवाल आला. एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी२ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल. त्या एका अक्षरामुळं बोलणं गेलं, हात गेले, पुढं आकडी आली, पाठीला बाक यायला लागला. जागेपणी ती मध्येच श्वास रोखून धरते, हवा गिळते, पोट ढोलासारखं फुगतं. पाय बाराही महिने गार. आई अजून रोज रात्री तेल चोळते.

इथं एक गोष्ट सांगतो, ती संशोधनाचीच आहे. अहवाल येईपर्यंतची चार वर्षं नातेवाईकांत एकच प्रश्न फिरत होता: "हिच्या माहेरात कुणाला होतं का असं?" माझ्या बायकोनं ते ऐकून घेतलं. मीही, खरं सांगायचं तर, तो प्रश्न कधी थांबवला नाही. समुपदेशक बाईंनी समजावलं की हा बदल बहुतेक मुलींत वारशानं येत नाही, नव्यानं घडतो. आणि ज्या कुटुंबांचा अभ्यास झाला त्यांत तो बहुतांशी बापाकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर सापडला. दोष कुणाचाच नाही, पण झालाच असेल तर बहुधा माझ्या बाजूला झाला. त्या रात्री मी हे आईला शेजारी बसवून सांगितलं. माहेरचा प्रश्न आमच्या घरातून त्या दिवशी संपला. कुठल्यातरी देशात कुणीतरी थोड्याशा कुटुंबांची गुणसूत्रं तपासायला पैसे मंजूर केले होते, म्हणून संपला.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार धोरणाच्या रचनेबद्दल आहे. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण ३० मार्च २०२१ ला आलं. मी ते पूर्ण वाचलंय, दोनदा. त्यात आजारांचे तीन गट आहेत. एकदाच उपचार करून बरे होण्यासारखे, तो पहिला. आयुष्यभर पण तुलनेनं कमी खर्चाचे उपचार लागणारे, तो दुसरा. उपचार आहेत पण अतिशय महाग, तो तिसरा. सुरुवातीला मदत वीस लाखांपर्यंत आणि फक्त पहिल्या गटाला होती. मे २०२२ मध्ये ती तिन्ही गटांसाठी पन्नास लाखांपर्यंत झाली. चांगलंच झालं. ज्या घरांना ती मिळते त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीचा मत्सर नाही. पण तिन्ही व्याख्या पुन्हा एकदा वाचा. तिन्ही गट उपचारावर बेतलेले आहेत. ज्या आजाराला उपचारच नाही, तो कुठल्या गटात? रेट, अँजेलमन, सिनगॅप, सीडीकेएल५ अशी नावं असलेली मेंदूच्या वाढीच्या जनुकीय आजारांची मुलं कुठल्या रकान्यात लिहायची? आमच्या व्हॉट्सॲप गटात अशी ४१ घरं आहेत. अँजेलमनचा एक मुलगा सतत हसतो. त्याची आई म्हणते, याचं हसू बघून लोकांना वाटतं आमचं बरं चाललंय.

पन्नास लाख मंजूर झाले तरी मनूसाठी ते खर्च करायला जागा नाही. आमच्या खतावणीत जमेचं एकच पान उघडता येण्यासारखं आहे, ते संशोधनाचं. आणि ते आपल्या हातात आहे. म्हणून आपला "प्राधान्याचा विषय नाही" हा शेरा दुसऱ्या कुठल्याही नकारापेक्षा आम्हाला जड जातो.

दुसरी तक्रार "संख्या थोडी" या कारणाबद्दल. थोडी म्हणजे किती, हे आपल्याला कुणी सांगितलं? धोरणातच कबुली आहे की आपल्याकडे दुर्मीळ आजारांची पुरेशी आकडेवारी नाही, आणि म्हणून दुर्मीळ म्हणजे काय याची व्याख्यासुद्धा करता आलेली नाही. म्हणजे मोजलं नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणून मोजणार कोण? आमच्या पतसंस्थेत एखाद्यानं असा हिशेब मांडला तर ऑडिटर त्याला उभा करील.

मी माझ्यापुरता अंदाज काढला. साधारण दहा हजार मुलींत एक, हे प्रमाण जगभर धरलं जातं. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर बाळं जन्मतात, त्यात मुली एक कोटीहून जास्त. म्हणजे दरसाल हजाराच्या वर मुली. महाराष्ट्रात वर्षाला नऊ लाख मुली जन्मतात असं धरलं तर नव्वद. आता हे नव्वद बाजूला ठेवा आणि दुसरा आकडा बघा. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. रेटसाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. ज्या मुख्य चाचणीवर ती मान्यता उभी राहिली, तिच्यात पाच ते वीस वयाच्या १८७ मुली होत्या आणि ती बारा आठवडे चालली. एकशे सत्याऐंशी. महाराष्ट्रात दोन वर्षांत जन्मणाऱ्या रेटच्या मुली झाल्या या.

ते औषध मी मागत नाही, हे इथंच सांगून टाकतो. त्यानं आजार बरा होत नाही, जुलाबाचा त्रास बहुतेकींना होतो, आणि वर्षाचा खर्च लाखो डॉलरचा आहे. मुद्दा एवढाच की संख्या थोडी असताना हे काम झालं. आणि एकदम झालं नाही. तिथं १९८४ मध्ये पालकांनी संघटना काढली. १९९९ मध्ये हुडा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनं जनुक शोधलं. २००६ पासून सरकारी पैशातून हजाराहून जास्त रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली; आमच्या डॉक्टर बाई इथं मागत होत्या अगदी तेच काम.

या आजाराची सुरुवातच मुळी दोन मुलींवरून झाली. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेयास रेट यांच्या दवाखान्यात १९५४ साली दोन मुली आपापल्या आयांच्या मांडीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघी सारखेच हात चोळत होत्या. डॉक्टरांच्या ते नजरेत भरलं. त्यांनी १९६६ मध्ये जर्मनमध्ये लिहिलं, ते फारसं कुणी वाचलं नाही. १९८३ मध्ये स्वीडनच्या बेंग्त हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३५ मुलींबद्दल इंग्रजीत लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. मधली सतरा वर्षं गेली. आपल्या समितीसमोर त्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा प्रस्ताव आला असता तर शेरा काय पडला असता, याचा मी कधीकधी विचार करतो. नमुना संख्या: दोन.

मनूचा अहवाल हातात आला तेव्हा मी मोबाइलवर रात्र रात्र वाचत बसायचो. त्यात २००७ चा एक प्रयोग सापडला. एडिनबरात एड्रियन बर्ड यांच्या गटानं उंदरांमध्ये हे जनुक बंद ठेवलं, उंदीर पुरते आजारी पडू दिले आणि मग ते पुन्हा चालू केलं. उंदीर सुधारले. वाढ झालेले उंदीरसुद्धा. म्हणजे मेंदूच्या पेशी मरत नाहीत. त्या तिथंच असतात, नीट चालत नाहीत एवढंच. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे डॉक्टर बाईंनी मला चार वेळा बजावलं, आणि बरोबरच बजावलं. पण त्या दिवसापासून मनू माझ्याकडं एकटक बघते तेव्हा मी नजर चुकवत नाही. ती डोळ्यांनी बोलते. भूक लागली की ताटाकडं बघते, कंटाळली की दाराकडं.

तिसरी तक्रार मुदतीची. बहुतेक अनुदान तीन वर्षांचं. त्यातलं पहिलं वर्ष मंजुऱ्या, नैतिक समिती आणि माणसं नेमण्यात जातं. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा कुठं खर्चला याचा दाखला, गेल्यावर, आणि ते वरती अडकलं की संशोधन सहायकाचा पगार अडकतो. तो पोरगा किंवा पोरगी दुसरी नोकरी बघते. ज्यानं आमच्याकडून सगळी माहिती घेतली तोच निघून जातो. मी लेखापाल आहे, हिशेब मागू नका असं मी म्हणणार नाही. हिशेब पै-पैचा घ्या. पण रेट हा टप्प्याटप्प्यानं बदलणारा आजार आहे: दुसऱ्या वर्षी शब्द जातात, आकडी बहुतेकींना त्यानंतर सुरू होते, पाठीचा बाक वाढत्या वयात वाढतो, काहींचं चालणं पुढं बंद होतं. तीन वर्षांच्या खिडकीतून यातलं काय दिसणार?

चौथी, छोटी पण मला खुपलेली. मध्ये एका ठिकाणी अभ्यासासाठी आमच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. इंग्रजीत. माझी बायको बारावी झालेली आहे, मुलीचं सगळं तिला माहीत, पण भरली मी, अंदाजानं. त्यात एक प्रश्न होता, मूल काट्या-चमच्यानं खातं का. आमच्या घरात काटा फक्त वजनाचा असतो. मनू वरणभात खाते, तोही आम्ही भरवतो. खरं विचारायला हवं होतं ते वेगळंच: घास गिळताना ठसका किती वेळा लागतो, जेवायला किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठते. त्या कागदांचं, दिलेल्या रक्ताचं पुढं काय झालं, आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

जनुकं वाचण्याच्या मोठ्या प्रकल्पांना पैसा मिळतो, हे मी बघतो. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये खुली झाली. अभिमानाची गोष्ट आहे आणि उद्या आमच्याही उपयोगी पडेल. पण अहवाल हातात पडल्यानंतरच्या आयुष्यावर कोण काम करतंय? पाठीचा बाक कुठल्या व्यायामानं लांबणीवर पडतो, डोळ्यांच्या इशाऱ्यानं मराठीत बोलायचा तक्ता कसा असावा, तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टला काय शिकवावं? हे प्रश्न दिसायला बारीक आहेत. आमचा दिवस त्यांचाच बनलेला आहे.

आपल्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, या देशात क्षयरोग आहे, कुपोषण आहे, पैसा आधी तिकडं नको का? हवाच. माझा चुलत भाऊ क्षयानं गेला, मला ते शिकवायला नको. पण डॉक्टर बाईंनी मागितलेली रक्कम आमच्या छोट्याशा पतसंस्थेच्या एका शाखेतल्या ठेवींपेक्षा कमी होती. ती नाकारून क्षयाच्या किती गोळ्या वाढल्या, तेही कुणी सांगावं.

आणि नियम बदलत नाहीत असं नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क दहावरून दीडशे टक्के झालं. शास्त्रज्ञांनी ओरड केली आणि काही दिवसांत ते मागं घेतलं गेलं. त्याच वर्षी संशोधनाच्या अनुदानांवर जीएसटीच्या नोटिसा निघाल्या होत्या. सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेनं सूट द्यायचं ठरवलं. चूक कळली की आठवड्यात, महिन्यात दुरुस्त होते. फक्त ओरडणारे थोडे असले की आवाज पोहोचायला वेळ लागतो.

तेव्हा मागण्या सरळ लिहितो.

ज्या जनुकीय आजारांवर आज उपचार नाही, त्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद करा. धोरणात चौथा गट करा आणि त्याला उपचाराऐवजी संशोधनाचा निधी जोडा.

रुग्णसंख्या थोडी, एवढ्याच कारणावर दुर्मीळ आजाराचा प्रस्ताव नाकारू नका. नाकारायचा असेल तर पद्धतीतली चूक दाखवा, बजेट जास्त वाटलं तर कापा. कारण लेखी द्या आणि संकेतस्थळावर टाका. आमच्या बाईंचा प्रस्ताव याच कसोटीवर पुन्हा वाचावा.

मेंदूच्या वाढीच्या या आजारांचा किमान दहा वर्षांचा पाठपुराव्याचा अभ्यास सुरू करा. धोरणानं दुर्मीळ आजारांसाठी नेमलेली मोठी रुग्णालयं, म्हणजे उत्कृष्टता केंद्रं, आहेत, मुंबईचं केईएम त्यांतलंच एक. तिथून सुरुवात होऊ शकते. कराड, नांदेड, गडचिरोलीच्या मुलीला दर वेळी मुंबई गाठावी लागू नये, म्हणून जिल्हा रुग्णालयातलं एखादं माणूस त्याला जोडा. प्रश्नावल्या मराठीत आणि बाकी भाषांत, आयांना विचारून तयार करा.

हप्ता आणि सहायकांचे पगार वेळेवर सोडा. ज्यांचं रक्त घेतलं, ज्यांची माहिती घेतली, त्यांना वर्षातून एकदा दोन ओळींचं पत्र पाठवणं अनुदानाच्या अटीतच घाला.

आणि समितीवर अशा मुलांचे दोन पालक घ्या. मताचा अधिकार नसला तरी चालेल. "संख्या थोडी" हे शब्द समोर आई बसलेली असताना उच्चारावे लागले तर ते जरा जपून उच्चारले जातील, एवढीच अपेक्षा.

माझ्याकडं सात वह्या आहेत. चाचणीचा अहवाल आला त्या दिवसापासून मी रोजकीर्द लिहावी तसं लिहीत आलोय: आकडी किती वाजता, किती मिनिटं, श्वास किती वेळा रोखला, किती झोपली, काय खाल्लं, वजन, कुठलं औषध वाढवलं, कशाकडं बघून हसली. सांगलीच्या एका ताईंकडं अशा चार वह्या आहेत, सोलापूरच्या एका आजोबांकडं कॅलेंडरवर केलेल्या खुणा आहेत. पद्धत चुकीची असेल, पण एकही दिवस रिकामा नाही. ज्या कुणाचा प्रस्ताव आपण पुढं मंजूर कराल, त्यांना या सगळ्याच्या झेरॉक्स मी स्वतः आणून देईन. झेरॉक्सचा खर्च माझा.

आपला,
मनूचे बाबा
कराड, जिल्हा सातारा

ता. क. उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत दिलंत तरी चालेल. मी बायकोला वाचून दाखवीन.